"कोडिंग शिकायची गरज उरली नाही" म्हणणाऱ्यांना दोंडाईचातून उलटा जबाब

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

सध्या जो तो एकच टेप वाजवून राहिला. "भाऊ, आता कोडिंग कशाला शिकता? एआयला सांगा, तो लिहून देतो." चहाच्या टपरीवर तेच, बाजार समितीच्या ओट्यावर तेच, दहावीच्या पोराच्या बापाच्या तोंडीही तेच. परवा तर एका क्लासचं पॅम्प्लेट हातात पडलं, "एक ओळही कोड न लिहिता तीस दिवसांत ॲप डेव्हलपर व्हा." फी ऐकली आणि वाटलं, डेव्हलपर कोण होईल ते देव जाणे, क्लासवाल्याचा बंगला मात्र नक्की डेव्हलप होईल.

बरं, हे खूळ आपल्याकडे उगवलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईच्या एका जागतिक परिषदेत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की कोणालाच प्रोग्रॅमिंग शिकावं लागू नये, माणसाची बोली हीच प्रोग्रॅमिंगची भाषा व्हावी, त्यासाठीच आम्ही काम करतोय. त्याच्या वर्षभर आधी आंद्रे कार्पाथी या नावाजलेल्या एआय संशोधकाने लिहिलं होतं की सध्याची सगळ्यात जोरात असलेली प्रोग्रॅमिंग भाषा म्हणजे इंग्रजी. पहिल्या साहेबांची कंपनी एआय चालवायच्या चिप विकते, एवढं ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर विकणारा कधी "बैल पाळा" म्हणतो का? आणि दुसऱ्या साहेबांनी इंग्रजी म्हटलंय. मराठी नाही, अहिराणी तर नाहीच नाही. म्हणजे आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या पोराला आधी पायथॉन येत नव्हतं म्हणून बाहेर ठेवलं, आता इंग्रजी येत नाही म्हणून बाहेर ठेवणार. फक्त दाराचं नाव बदललं.

मी आयटीवाला नाही. दिवसा दुकान, रात्री दहानंतर लॅपटॉप, असा हा पंधरा वर्षांचा नाद आहे. पदवी नाही, त्या कामाचा पगार नाही, त्यामुळे मला कोणाची नोकरीही वाचवायची नाही. एआय मी रोज वापरतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यातला मी नाही. तरीही ठामपणे सांगतो की कोडिंग शिकायची गरज संपली हे वाक्य निदान आपल्यासारख्या गावांसाठी खोटं आहे. आणि नुसतं खोटं नाही, महागात पडणारं आहे.

हा वायदा पहिल्यांदा होतोय असंही नाही. १९५९ मध्ये कोबोल ही भाषा ठरली तेव्हा हेच सांगितलं होतं की ही इंग्रजीसारखी वाचता येते, आता साहेब लोकसुद्धा प्रोग्रॅम समजून घेतील. १९७४ मध्ये आयबीएममध्ये एसक्यूएलचा पाया घातला गेला, तोही कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाला डेटाबेसला सरळ प्रश्न विचारता यावा म्हणून. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं, बटणं ओढा, फॉर्मवर सोडा, झालं सॉफ्टवेअर. प्रत्येक वेळी काय झालं? प्रोग्रॅमर कमी झाले नाहीत, वाढले. आणि एप्रिल २०२० मध्ये, ऐन कोरोनात, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल येणारी माणसं शोधायची पाळी आली. बेरोजगार भत्त्याचे अर्ज तुंबले होते आणि ती जुनी यंत्रणा वाचू शकणारी माणसं उरली नव्हती. कोड होता, मशीन होतं, लाखो लोक पैशाची वाट बघत होते. वाचणारा नव्हता.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. कोड लिहिणं हे अर्धं काम. काय लिहायचं ते ठरवणं आणि लिहिलेलं वाचून "हे चुकलंय" म्हणता येणं हे उरलेलं अर्धं. आपल्या गावाची अडचण कोड कमी पडतो ही कधीच नव्हती. जे लिहितात त्यांना आपण माहीत नाही, आणि ज्यांना आपण माहीत आहोत त्यांना ते वाचता येत नाही, ही अडचण आहे. एआयने पहिलं अर्धं काम फुकटात काढलं, चांगलं केलं. दुसऱ्या अर्ध्याचं काय?

आता भाषांच्या भांडणाचं. पोरं मेसेज करतात, "दादा, पायथॉन शिकू की जावा? रस्ट कसं आहे?" अरे बाबांनो, कोणतीही घ्या. सुरुवातीला मी पायथॉनच सांगतो, कारण त्यात कचरा कमी आणि चूक कुठे झाली ते बऱ्यापैकी सरळ सांगतं. ब्राउझरमध्ये काही करायचं असेल तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही, ती १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केलेली भाषा आहे आणि तशी वागते सुद्धा. सी शिकलात तर मशीन आतून कसं चालतं ते कळतं. पण या वादात दोन-दोन वर्षं घालवणारी पोरं मी पाहिलीत. नांगर कोणत्या कंपनीचा यावर भांडण, आणि शेत पडीत.

खरी गंमत हिशोबात आहे. कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ विचारा. पायथॉन असो, जावास्क्रिप्ट असो, उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, कारण मशीन दशांश अपूर्णांक दोनच्या घातात मांडतं आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. बरं, हे थोडं. पायथॉनला सांगा, अडीच पूर्णांकात कर. तो २ म्हणेल. साडेतीन कर म्हटलं तर ४ म्हणेल. म्हणजे एकदा खाली, एकदा वर. ही चूक नाही, तो नियमच आहे. बरोबर मधोमध असेल तर सम आकड्याकडे जायचं, म्हणजे हजारो आकड्यांच्या बेरजेत झुकाव राहत नाही. पण तेच एक्सेलच्या राऊंडला विचारा, अडीचचे तो सरळ ३ करतो.

आता आपल्या बाजारात या. मिरचीची हिशोबपट्टी बनते. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी रुपयात पूर्णांक. व्यापाऱ्याच्या भाच्याने एआयकडून पायथॉनमध्ये पट्टीचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि मुनीमजी एक्सेलवर पडताळतात. काही पट्ट्यांत एक रुपयाचा फरक येणारच. शेतकरी म्हणेल व्यापारी चोर, व्यापारी म्हणेल सॉफ्टवेअर खराब, भाचा म्हणेल एआय चुकला. कोणीच चोर नाही आणि एआयही चुकला नाही. त्याला सांगितलंच नव्हतं की पाच दहांशाचं काय करायचं. हिशोब पैशात, पूर्ण आकड्यात ठेवायचा आणि पूर्णांकाचा नियम आधी कागदावर लिहायचा, हे ज्याला माहीत आहे तोच एआयला हे सांगू शकतो. ज्याला माहीत नाही त्याला प्रश्न आहे हेच कळत नाही.

पुढे जाऊ. आपल्या गावाचं नाव घ्या. दोंडाईचा. अक्षरं किती? पहिलीतलं पोरगं सांगेल, चार. दों, डा, ई, चा. पायथॉनला विचारा, तो आठ म्हणतो. कारण त्याच्यासाठी ओकाराची मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, काना वेगळा. आणि साठवायला बाइट किती लागतात? चोवीस. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट, इंग्रजी अक्षराला एक. आता कोणीतरी बेंगळुरूत बसून फॉर्म बनवतो आणि लिहितो, "नाव वीस अक्षरांपेक्षा जास्त नको." त्याच्या डोक्यात इंग्रजी नाव आहे. आपल्याकडच्या माणसाचं मराठी नाव, वडलांचं नाव, आडनाव एका खोक्यात लिहायला गेलात तर ते मधेच तुटतं आणि शेवटी एक लटकता काना राहतो.

एसएमएसचं तसंच. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठी लिहिलं की मर्यादा ७० वर येते, त्याच्या पुढे दोन मेसेजचे पैसे. आणि मग आपण विचारतो की म्हाताऱ्या माणसाला मेसेज इंग्रजीत का येतो.

अजून एक बघा. "ॲप" हा शब्द. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीपासून लोक अ लिहून वर चंद्र देतात, आणि काही कीबोर्ड मधे एक न दिसणारं जोडचिन्ह पण घालतात. डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात, मशीनला तीन वेगळे शब्द. "दऱ्या" मधला अर्धा र पण असाच दोन तऱ्हेने लिहिला जातो. यादीत नाव आहे, तुम्ही शोधताय, मशीन म्हणतं नाही. ऑपरेटर म्हणतो, "काका, तुमचं नाव सिस्टीममध्ये नाही." काका घरी जातात. इथे कोणता एआय मधे येणार? तो तर टेबलापलीकडे उभासुद्धा नाही.

आणि हे फक्त लिपीचं झालं. आपली नावं इंग्रजीत गेली की जत्रा भरते. चौधरी हे एक आडनाव घ्या. चौ मध्ये ए-यू, ओ-यू की ओ-डब्ल्यू? शेवटी आय, वाय की डबल ई? तीन गुणिले तीन, इथेच नऊ झाले. आधारवर एक, बँकेत दुसरं, पॅनवर तिसरं. सातबारावर मराठीत, तेही कोणत्या काळच्या कोणत्या तलाठ्याने जसं ऐकलं तसं. कुठे वडलांचं नाव, कुठे "भाऊ" जोडलेलं, कुठे घरचं नावच लागलेलं. मग कॉम्प्युटर दोन नावं जुळवून बघतो. त्याच्या पद्धती जुन्या आहेत. एक नाव दुसऱ्यासारखं करायला किती अक्षरं बदलावी लागतील ते मोजायचं, हे गणित लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्येच मांडलंय. मोजल्यावर कोणीतरी एक रेघ मारतो. रेघेच्या वर जुळलं, खाली नाही जुळलं. ती रेघ कुठे मारायची हा गणिताचा प्रश्नच नाही. तो माणसांचा प्रश्न आहे, आणि रेघ मारणाऱ्याने चौधरी, महाजन, गिरासे, भिल, कोळी यांची नावं कशी लिहिली जातात हे कधी बघितलेलं असतं का?

थट्टा बाजूला ठेवून आता पैशाचं बोलू.

२०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावात कापूस द्यायचा तर "कपास किसान" ॲपवर आधी नोंदणी आणि मग स्लॉट. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याला ७,७१०. समजा खेडा खरेदीवाला क्विंटलमागे हजार रुपये कमी देतोय. वीस क्विंटल कापूस असलेल्या माणसासाठी ॲपमध्ये नोंदणी होणं आणि न होणं यात वीस हजारांचा फरक आहे. वीस हजार म्हणजे पोराची कॉलेजची फी, नाहीतर रब्बीचं बी-खत. ॲपमुळे रांग कमी होते, दलाल कमी होतो, हे मान्य. मी ॲपच्या विरोधात नाही. पण नोंदणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली यावरूनच कळतं की कागदावरचा शेतकरी आणि शेतातला शेतकरी यांचं जुळलेलं नव्हतं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याची जमीन अजून वडलांच्या नावावर आहे, जो बटाईने करतो, त्याच्यासाठी पडद्यावर कोणतं बटण आहे, हा प्रश्न कोड लिहायच्या आधी विचारायचा असतो.

दुसरं उदाहरण याहून कडू आहे. लाडकी बहीण. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. आता ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिने काय टाकायचं? जिला नवऱ्याने सोडलंय, तिने त्याच्याकडे ओटीपी मागायला जायचं? खेड्यातल्या कोणत्याही अंगणवाडी ताईला हा प्रश्न पाच मिनिटांत सुचला असता. शेवटी १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय करावी लागली. सोय झाली, चांगलं झालं. पण तोपर्यंत दोन महिने त्या बायांनी सेतू केंद्राच्या किती चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला रिक्षाचे किती गेले, मजुरीचा दिवस किती वेळा बुडाला, ते कोणत्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

फॉर्म भरताना खोक्याशेजारी लाल तारा दिसतो ना, भरलंच पाहिजे असा? कोडमध्ये तो एक शब्द असतो. एकच. तो शब्द ठेवायचा की काढायचा, हे ठरवणाऱ्याला राज्यातल्या विधवा बायांबद्दल निर्णय घ्यायचा असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं. हा फॉर्म एआयकडून लिहून घेतला असता तर? एआयने तो तारा आणखी झटपट आणि सुबक लावून दिला असता. सांगितलं ते करतो तो. "दोघंही नसले तर काय?" हा प्रश्न त्याला कोणी विचारायला लावला तरच तो विचारतो.

आता एआयचं चांगलं पण सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये म्हणाल की अण्णा जुन्या काळात अडकले.

ओळखीच्या एका मंडळाची वीस वर्षांची इतिवृत्तं जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कृतिदेवमधला मजकूर मराठी दिसतो, पण आतून मराठी नसतोच. त्यात "दोंडाईचा" लिहिलं तर मशीनकडे एन, के, एस, ए, एम, के, बी, झेड, पी, के असली इंग्रजी अक्षरं जातात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा सदरा चढवतो. फॉन्ट काढला की उघडं पडतं. महाराष्ट्रातल्या किती कचेऱ्या, छापखाने, पतसंस्था यांची वर्षानुवर्षांची कागदं अशा वेगवेगळ्या फॉन्टच्या सदऱ्यात अडकलीत, विचार करा. शोधता येत नाहीत, एआयला वाचताही येत नाहीत. आणि हे तेव्हा, जेव्हा देवनागरीचा युनिकोड १९९१ पासून आहे आणि सरकारचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ पासून.

तर एआयला म्हटलं, याला युनिकोडमध्ये बदलायचा प्रोग्रॅम लिहून दे. दहा मिनिटांत दिला. मला चार रविवार लागले असते. चालवला, पहिलं पान झकास. दुसऱ्या पानावर "स्थिती" मोडली, तिसऱ्यावर "आर्थिक" मोडला. कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं. साध्या अक्षराला एआयने वेलांटी बरोबर सरकवली, जोडाक्षर आलं की मधेच थांबला. आर्थिकमध्ये तर वेलांटी पण आहे आणि रफार पण. मला कोड वाचता येत होता आणि मराठी टायपिंग येत होतं, म्हणून नेमकी ओळ दाखवून सांगितलं, जोडाक्षर संपेपर्यंत पुढे जा. मग त्याने नीट केलं. ज्याला हे येत नाही त्याने पहिलं पान बघून "झालं" म्हटलं असतं, आणि मंडळाच्या वीस वर्षांच्या ठरावांत हजारो शब्द कायमचे मोडले असते. मूळ फाइल काढून टाकल्यावर कळलं असतं तर सोन्याहून पिवळं.

हेच माझं म्हणणं आहे. एआय म्हणजे अफाट कष्टाळू गडी आहे. पण गडी कितीही चांगला असला तरी बांध कुठे आहे ते मालकाला माहीत पाहिजे.

मराठीच्या बाबतीत तर जास्तच. ही मशीनं मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि वापराचे पैसे या तुकड्यांवर लागतात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवं मॉडेल आणलं तेव्हा स्वतःच नमुना दिला होता. एकच मजकूर जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ तुकडे, मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजी २४, मराठी ३३. म्हणजे तोपर्यंत मराठीत तीच गोष्ट विचारायला साडेतीन पट तुकडे लागत होते. सुधारलं, आनंद आहे. कोणीतरी मोजलं म्हणून सुधारलं. पुण्यात एल-थ्रीक्यूबच्या मंडळींनी महाकॉर्पस नावाने सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा साठा करून सगळ्यांना खुला केला, मद्रास आयआयटीत एआयफोरभारतवाले भारतीय भाषांवर खपतायत. ही माणसं कोडिंग शिकायची गरज नाही म्हणत बसली असती तर आज मराठी कुठे असती?

आणि अहिराणी? २०११ च्या जनगणनेत खान्देशीच्या नावाखाली १८ लाखांवर माणसं नोंदलीत. एआयला लिहून बघा, "माले कापूस इकाना शे, नोंदणी कसी करू?" समजतं त्याला बरंचसं, उत्तर मात्र शहरी मराठीत देतो, नाहीतर मराठीला "शे" चिकटवून देतो, नाटकातल्या गावंढळासारखं. त्यालाही दोष नाही. आपणच अहिराणीत लिहून ठेवलेलं किती? जे आहे ते व्हॉट्सॲपच्या ऑडिओत आणि लग्नातल्या गाण्यांत.

कोणी म्हणेल, "एवढं सगळं खरं, पण सरकारी ॲप मोठमोठ्या कंपन्या बनवतात. दोंडाईचातल्या पोराने पायथॉन शिकून काय दिवा लावायचा?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की त्या पोराने ॲप बनवायचं नाहीये, वाचायचंय. केंद्र सरकारचं २०१५ पासून धोरण आहे की सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करून एकत्र विकास व्हावा. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड लोकांसमोर ठेवलाच होता ना, कारण लोकांनी आरडाओरडा केला. मग ज्या फॉर्मवर बायांचे दीड हजार अडतात आणि ज्या ॲपवर कापूस अडतो, त्यांचा कोड का नाही ठेवायचा? पैसा आपला, अडवणूक आपली, आणि नियम कोणाच्या तरी कपाटात. कायदा करायचा तर राजपत्रात छापावा लागतो. पण "नाव ऐंशी टक्के जुळलं नाही तर अर्ज बाद" असा नियम कोडमध्ये लिहिला तर तो कोणाला दाखवावाच लागत नाही. हा कायदाच आहे की नाही? आमदार-खासदारांना सभेत रस्ते आणि पाण्याचं विचारतो तसं हेही विचारा. ॲप चालू करायच्या आधी एखाद्या तालुक्यात, अंगणवाडी ताई आणि तलाठ्याला शेजारी बसवून तपासलं का? नसेल तर का नाही?

पण मागणी करणाऱ्याला उत्तर वाचता आलं पाहिजे. उद्या त्यांनी खरंच कोड समोर टाकला आणि आपल्यात तो वाचणारा एकही निघाला नाही, तर हसं कोणाचं होईल? आपण एमएस-सीआयटीने एका अख्ख्या पिढीला वर्ड आणि एक्सेलची बटणं शिकवली. त्या काळात ते गरजेचं होतं, त्यावर नोकऱ्या लागल्या, मी नावं ठेवत नाही. पण बटणाच्या मागे काय आहे हे कधी शिकवलं नाही. आता तीच चाल एआयच्या बाबतीत. "असा प्रॉम्प्ट लिहा" एवढं शिकवून सर्टिफिकेट. बटण बदललं, बाकी काही नाही.

एक सूचना जाताजाता, याचा वरच्याशी अर्धाच संबंध आहे पण राहवत नाही. दुकानातून, झेरॉक्स सेंटरवरून लोकांच्या आधारचे फोटो एआयच्या चॅटमध्ये टाकून "यातलं नाव टाइप करून दे" म्हणणं बंद करा. तो कागद तुमचा नाही. गिऱ्हाइकाचा आहे.

बाकी पोरा-पोरींना एक निरोप. क्लासची फी भरू नका. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, शिरपूर, कुठलेही असा, रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास मी मोकळा असतो, मेसेज करा. पहिल्या दिवशी पायथॉन नाही, एआय नाही. ज्या सरकारी फॉर्मने तुमच्या घरच्या कोणाला परत पाठवलं, त्याचा स्क्रीनशॉट आणा आणि त्यातल्या प्रत्येक खोक्यासमोर लिहा, हे कोणाला भरता येणार नाही. लॅपटॉप नसला तरी चालेल. वही आणा.